वेल्सची मुले आणि त्यांचे लोकनृत्य

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नावाचा एक चिमुकला डोंगराळ देश आहे. तेथील वेल्श भाषा इंग्रजीहून अगदी निराळी व फार जुनी आहे. ह्या लोकांना गाण्याचे वेड पूर्वीपासूनच. परंतु त्यांच्या लोकनृत्याची कथा इतकी सरळ नाही.

अठराव्या शतकात वेल्समधील खेड्यांत जत्रेच्या व लग्नकार्याच्या प्रसंगी लोक हार्पच्या सुरांवर नाचत असत. हार्प म्हणजे उभ्या चौकटीत तारा ताणून बसविलेले, बोटांनी छेडावयाचे मोठे वाद्य होय. वेल्समध्ये तारांच्या तीन रांगा असलेला हार्प विशेष आवडता होता. पुढे त्या देशात धर्मजागृतीची मोठी लाट आली. नाच हे पापाचे लक्षण आहे, असे उपदेशक सांगू लागले. हार्प कोपऱ्यात पडले आणि नाचणारे पाय थांबले. एडवर्ड जोन्स नावाच्या हार्पवादकाने १८०२ साली आपल्या ग्रंथात ह्याबद्दल मोठी हळहळ व्यक्त केली आहे. एकोणिसाव्या शतकात भाषेवरही संकट आले. कित्येक शाळांत वेल्श शब्द उच्चारणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडाचा तुकडा अडकवीत!

सुदैवाने एका खेडुताने थोडे टिपून ठेवले होते. लानगाडवान गावच्या विल्यम जोन्सने १७९० च्या सुमारास आपल्या भागातील तीन नृत्यांचे वर्णन लिहून एडवर्ड जोन्सकडे पाठविले. कोणी कोठे उभे राहावयाचे, कोणी कोणाचा हात धरावयाचा, असा सारा तपशील त्यात होता. पण कागदावरचे नृत्य ते कागदावरच! शंभराहून अधिक वर्षे ती पाने हस्तलिखितातच राहिली.

१९३० नंतर लोइस ब्लेक ह्या इंग्रज बाई वेल्समध्ये राहावयास आल्या. त्यांनी अशा जुन्या नोंदी अभ्यासून नृत्यांची पुन्हा मांडणी केली. १९४९ साली वेल्श लोकनृत्याची संस्था निघाली, तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच झाल्या. लाकडी तळव्यांचे बूट घालून करावयाचा नाच मात्र कागदावरून आला नाही. तो माणसांनीच जपला, आणि त्यात भटक्या जिप्सी कुटुंबांचा वाटा मोठा होता. ज्यांना परके म्हणावयाचे, त्यांनीच हे धन राखले, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

आता हे नृत्य मुलांना कसे शिकवितात ते पाहू. आधी नुसती चाल कानांत भरवावयाची. टाळ्या वाजवून ठेका धरावयाचा. मग साधे चालत चालत फेर, रांगा व जोड्या बसवावयाच्या. चालीचा एक भाग संपेल त्याच क्षणी नाचाची एक रचना पुरी झाली पाहिजे. घाई करणारा आपल्या जागी आधीच येऊन उभा राहतो आणि सारा मेळ बिघडतो. ‘उजवा हात’, ‘डावा हात’ ह्या सूचना वेल्श शाळांत वेल्श भाषेतच देतात. ज्यांच्या घरी केवळ इंग्रजी बोलतात अशी मुलेही तेथे पुष्कळ असतात.

बुटांचा नाच मुलांना भारी आवडतो. उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे झोकावयाचे, झाडूच्या दांड्यावरून उड्या मारावयाच्या, जमिनीवरची जळती मेणबत्ती पायांनी विझवावयाची, अशा त्यातील करामती आहेत!

इवान अब ओवेन एडवर्ड्स ह्यांनी १९२२ साली वेल्श मुलांसाठी ‘इर्द’ नावाची संघटना स्थापन केली. तिचा पहिला कलामहोत्सव १९२९ साली कॉर्वेन गावी भरला. आजही त्या महोत्सवात मुलामुलींच्या नाचाच्या, हार्पच्या व गाण्याच्या चढाओढी होतात. त्यांत एक प्रकार फार अवघड आहे. हार्पवर एक चाल चालू असते, आणि गायक वेगळ्याच चालीत कविता गातो. हार्प आधी सुरू होतो. गायक थोडा थांबून मागाहून त्यात शिरतो. परंतु दोघांनी संपवावयाचे मात्र एकाच क्षणी. म्हणून गायकाला ओठांनी आपली चाल गाताना कानांनी दुसरी ऐकत राहावे लागते. ऐकणाऱ्यास हे सहज वाटते. बारा वर्षांच्या मुलाला मात्र ते साधण्यासाठी पुष्कळ सराव करावा लागतो.