सेवेची वही



पूर्वी आपल्या कोल्हारात आजारी माणसाची सेवा घरातच होई. घरात माणसे पुष्कळ असत. एक उठले की दुसरे उशाशी बसे. आता तसे राहिले नाही. मुलगा पुण्याला नोकरीला, सून शेतात किंवा कामावर, आणि म्हातारे माणूस घरात एकटे. मग कोणी पगारावर बाई ठेवतो. कोणी म्हाताऱ्या माणसाला एखाद्या लहानशा सेवाघरात नेऊन ठेवतो. यात लाजण्यासारखे काही नाही. पण एक प्रश्न राहतोच. तिथे सेवा चांगली होते की नाही, हे ओळखायचे कसे?

मला हे ओळखता आले नव्हते. मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, पण इथे चुकलो. ती चूक आज तुम्हांला सांगतो.

माझी थोरली बहीण, अक्का, आमच्याकडे राहायची. सत्तरी ओलांडलेली, मागे कोणी नाही. एके दिवशी ती मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, पण अक्का पुन्हा उभी राहिली नाही. आमच्या मंडळींचे गुडघे दुखतात. त्यांना अक्का उचलवेना. शेवटी आम्ही अक्काला एका सेवाघरात ठेवले. त्याचे नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. बारा म्हातारी माणसे, सांभाळायला दोन बाया. फरशी चकचकीत, दारात तुळस, संध्याकाळी भजन. मी दर रविवारी अकरा वाजता जाई. अक्काची वेणी घातलेली असे, लुगडे धुतलेले असे. मी समाधानाने परत येई.

एका रविवारी जाणे झाले नाही. म्हणून आम्ही दोघे बुधवारी पहाटेच गेलो. अक्काची चादर ओली होती. मंडळींनी तिला कुशीवर वळवले आणि त्या एकदम गप्प झाल्या. माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती.

अक्का म्हणाली, “भाऊ, रविवारी सगळं चांगलं असतं.”

मी चिडलो. चौकशी केली. नेहमीची बाई आठ दिवस रजेवर होती. बदली आलेली पोर रडवेली होऊन म्हणाली, “मला कुणी सांगितलंच नाही, की आजींना वळवायचं असतं.”

ती पोर वाईट नव्हती. रजेवर गेलेली बाईही मायाळू होती. पण त्या बाईला जे ठाऊक होते, ते तिच्याबरोबरच रजेवर गेले. आणि मी काय पाहत होतो? फरशी, तुळस आणि वेणी.

अक्काला आम्ही घरी आणले. जखम डॉक्टरांना दाखवली. एका परिचारिकाताईंनी आम्हांला नीट समजावले. ते तुम्हीही ध्यानात ठेवा.

माणूस एकाच कुशीवर पडून राहिला, की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. तिथे रक्त पोचत नाही. रक्त नाही म्हणजे अन्न नाही. मग ती जागा मरू लागते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरे, खांदे या जागा रोज पाहाव्यात. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून पाहावा. दाबल्यावर क्षणभर फिका पडला तर बरे. लालच राहिला तर धोका समजावा. सावळ्या अंगावर डाग काळसर दिसतो आणि हाताला गरम किंवा कडक लागतो. तिथे चोळू नये, रबरी चक्रीही घालू नये. कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. पोटऱ्यांखाली उशी द्यावी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. अंथरूण कोरडे ठेवावे. डाळ, दूध, अंडी चालत असतील तर द्यावीत. घास भरवताना माणसाला बसते करावे. जेवण झाल्यावरही अर्धा तास आडवे करू नये.

मग आम्ही गावातलीच एक बाई कामाला ठेवली. ती नुकतीच साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकली होती. मी एक वही आखून तिच्या पुढे ठेवली. रकाने असे केले: वेळ, कूस, पाणी, जेवण, लघवी-शौच, औषध आणि सही.

ती म्हणाली, “गुरुजी, माझं अक्षर लई वाकडं येतं.”

मी म्हणालो, “बाई, अक्षर वाकडं चालेल. वेळ चुकली तर चालणार नाही.”

ती लिहू लागली. ‘८ डावी. पाणी १ पेला.’ ‘१० उजवी.’ रात्रीच्या पाळ्या आम्ही घरच्यांनी घेतल्या. आम्हीही लिहीत असू. पुढे त्या बाईने स्वतःच एक रकाना वाढवला. त्याचे नाव ‘विचारलं’. अंग पुसण्याआधी ती दार लोटून घेई आणि म्हणे, “अक्का, पुसू का आता?” अक्का हो म्हणाली की खूण करी. हे मला सुचले नव्हते. अंथरुणावर पडलेले माणूसही माणूसच असते, हे तिने मला शिकवले.

पौषात भगवतीच्या यात्रेला ती बाई तीन दिवस सुट्टीवर गेली. तिची भाची आली. तिने वही वाचली आणि काम तसेच चालू राहिले.

एकदा अक्का असंबद्ध बोलू लागली. वय झाले, असे मला वाटले. बाईने वही पुढे केली. दोन दिवस पाणी निम्म्यावर आले होते आणि लघवीच्या रकान्यात ‘गडद’ असे लिहिले होते. डॉक्टरांना बोलावले. पाणी कमी पडून लघवीच्या जागी संसर्ग झाला होता. औषध मिळाले आणि अक्का शुद्धीवर आली. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून पाणी आठवणीने द्यावे लागते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल या इंग्रज बाईंचे नाव तुम्ही ऐकले असेल. 1854 साली क्रिमियाच्या युद्धात जखमी शिपायांची सेवा करायला त्या गेल्या. 1859 साली त्यांनी शुश्रूषेवर एक पुस्तक लिहिले. त्यातले एक प्रकरण याच गोष्टीवर आहे. आपण हजर असताना जे करतो, ते आपण नसतानाही झाले पाहिजे, अशी व्यवस्था लावावी, असे त्यांचे सांगणे आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातच, शिंगवे येथे, डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली सेवा प्रतिष्ठान ही संस्था आहे. रस्त्यावरच्या निराधारांना डबा नेऊन देण्यापासून त्यांच्या कामाचा आरंभ झाला. पुढे मनाने आजारी, बेघर स्त्रियांना त्यांनी आसरा दिला. अशा आजारात पुष्कळांना आपले नावगावही सांगता येत नाही, मग तक्रार कोठून सांगणार? म्हणून जो बोलू शकत नाही, त्याच्याकडे दुसऱ्याने डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधणे बंद केले आहे, हेही सर्वांनी ध्यानात ठेवावे.

मुले आईबापांना सांभाळत नसतील, तर 2007 चा कायदा आहे. त्याखाली निर्वाहखर्चासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सल्ल्यासाठी 14567 हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक आहे. परंतु पाठीखालची चादर ओली आहे की कोरडी, हे कायदा येऊन पाहत नाही. ते आपणच पाहायचे.

अक्काची जखम तीन महिन्यांनी भरली. पुढे ती दोन वर्षे जगली. शेवटची आंघोळ घालताना मंडळींनी तिची पाठ पाहिली. पाठीवर एक डागही नव्हता.

ती वही मी जपून ठेवली आहे. तिच्यातले पहिले अक्षर फार वाकडे आहे. शेवटचे मात्र मोत्यासारखे आहे.

सेवा पाहायला जाताना ह्या गोष्टी पाहा:
1. न सांगता, अवेळी जा.
2. चादरीखाली हात घालून पाहा. टाचा आणि पाठ पाहा.
3. नेहमीची बाई रजेवर गेली तर कोण येते, आणि तिला कोण सांगते, हे विचारा.
4. रात्री किती माणसांमागे किती बाया असतात, हे विचारा.
5. वही मागा. वही नसेल तर एक विकत घेऊन द्या.
6. आजारी माणसाशी एकांतात बोला.

प्रश्न:
1. गुरुजींना अक्काची जखम आधी का दिसली नाही?
2. बाईने वहीत कोणता रकाना वाढवला? का?
3. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी अंथरुणावर आहे का? त्यांच्यासाठी आजच एक वही आखा आणि पहिली ओळ तुम्ही स्वतः लिहा.