सामाईक वैद्यकीय उपकरणे : व्यवस्था व जबाबदारी

क्ष-किरण यंत्र एका जागी राहते. रुग्ण त्याच्याकडे जातो. याउलट औषध मोजून देणारे इन्फ्युजन पंप, सक्शन यंत्र, मॉनिटर व फिरते व्हेंटिलेटर रुग्णाकडे जातात. आज एका कक्षात, तर उद्या दुसऱ्या कक्षात त्यांची गरज भासते. अशा सामाईक उपकरणांच्या व्यवस्थेची माहिती आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांना असावी, या हेतूने हा लेख.

दिलेले यंत्र परत मिळेल याची खात्री नसली की प्रत्येक कक्ष एखादे यंत्र कपाटात राखून ठेवतो. मग एका कक्षात पंप पडून राहतो आणि दुसऱ्या कक्षातील परिचारिका मध्यरात्री फोन करीत राहते. यंत्रे अपुरी आहेत असा समज होतो व नव्या खरेदीची मागणी येते. वास्तविक उणीव यंत्रांची नसून व्यवस्थेची असते.

यावर उपाय म्हणजे मध्यवर्ती उपकरण भांडार. प्रत्येक यंत्राला क्रमांक असावा. ते कोणी, कोणत्या खाटेसाठी, केव्हा नेले याची नोंद व्हावी. परत आलेले यंत्र स्वच्छता, तपासणी व बॅटरी भरणे या तीन पायऱ्या पार करूनच फळीवर जावे. ताशी ५ मिलिलिटर दाखविणारा पंप खरोखर तेवढेच औषध देतो का, हे ठरावीक काळाने पडताळून पुढील तपासणीची तारीख यंत्रावर चिकटवावी.

निर्जंतुकीकरणासाठी अर्ल स्पॉल्डिंग यांचे वर्गीकरण जगभर मार्गदर्शक मानले जाते. शरीराच्या निर्जंतुक भागात जाणारे साधन पूर्णतः निर्जंतुक हवे; श्लेष्मल त्वचेला लागणाऱ्या साधनास उच्च दर्जाचे जंतुनाशन हवे; केवळ अखंड त्वचेला लागणाऱ्या साधनास स्वच्छता व सौम्य जंतुनाशन पुरेसे असते.

मात्र सर्वच उपकरणे भांडारात ठेवणे योग्य नव्हे. हृदयक्रिया बंद पडल्यावर विजेचा धक्का देण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने रुग्ण वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून डिफिब्रिलेटर अतिदक्षता विभागात व अपघात कक्षात कायमच हाताशी असावा.

देखभालीचे महत्त्व राष्ट्रीय पातळीवरही दिसून आले आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने शासकीय रुग्णालयांतील उपकरणांची पाहणी केली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. त्यानंतर २०१५ साली उपकरण देखभालीचा स्वतंत्र कार्यक्रम हाती घेण्यात आला.

नातेवाईकांना नम्र विनंती, की मोबाइल चार्ज करण्यासाठी यंत्राची पिन काढू नये व गजर वाजल्यास स्वतः बटण न दाबता परिचारिकेस बोलवावे.

देणगीदारांना आम्ही एवढेच सुचवू इच्छितो, की आपल्या प्रियजनांच्या स्मरणार्थ दिलेले यंत्र एकाच कक्षात राहावे असा आग्रह नसावा. यंत्रावरील नावाची पाटी त्याच्यासोबत जाईलच. जेथे रुग्णाला गरज, तेथे ती पोहोचेल. तसेच बॅटरी, सुटे भाग व वार्षिक देखभाल करार यांसाठी दिलेली देणगी नव्या यंत्राइतकीच मोलाची आहे. यंत्र विकत घेतल्याने दान पूर्ण होत नाही. ऐन वेळी ते सज्ज मिळाले, तरच ते सत्कारणी लागते.