जंगलात जाताना पाहुण्यासारखे जावे

गेल्या पावसाळ्यातली एका रविवार संध्याकाळची गोष्ट. दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात आमच्या चारकोपमधलेच एक ओळखीचे कुटुंब घाईघाईने आत आले. नऊ वर्षांच्या मुलाच्या मनगटाला रुमाल गुंडाळलेला. रुमाल सोडला तर आत हळदीचा जाड थर. सकाळी सगळी मंडळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेणी पाहायला गेली होती. मुलाच्या हातात वेफर्सचे पाकीट होते. एक वेफर त्याने माकडाला दिला, दुसरा दिला आणि तिसऱ्या वेळी गंमत म्हणून हात मागे घेतला. माकडाने हातच धरला. दोन दात चांगले खोल गेले होते.

"डॉक्टर, कुत्रं नाही, माकड चावलंय. त्याला इंजेक्शनं लागत नाहीत ना?" आईने विचारले. सोबतच्या आजी म्हणाल्या, "अहो, मारुतीरायाचं रूप ते, त्याच्या दातात कसलं विष?"

आजींची श्रद्धा मी समजू शकतो, पण रेबीजचा विषाणू श्रद्धा पाहत नाही. हा आजार केवळ कुत्र्यामुळे होतो असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात मांजर, माकड, कोल्हा, मुंगूस अशा कोणत्याही सस्तन प्राण्याच्या लाळेतून तो येऊ शकतो. जखमेतून शिरलेला विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातो. या प्रवासाला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. हाच काळ आपल्या हातात असतो. एकदा पाण्याची भीती, घशाला आचके अशी लक्षणे दिसू लागली की रुग्ण वाचत नाही, असेच धरून चालावे लागते.

चावा घेतल्यावर काय करावे?

सर्वांत मोठे औषध प्रत्येक घरात असते. ते म्हणजे साबण आणि वाहते पाणी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे जखम धुवावी. त्याने बराचसा विषाणू तिथेच नष्ट होतो. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये आणि लगेच टाके घालण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये.

मग त्याच दिवशी लस सुरू करावी. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ केव्हाच मागे पडला. आता दंडात, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी लस देतात. कातडीत लस देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची फेरी नसते. कातडी फुटून रक्त आले असेल तर लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन जखमेतच द्यावे लागते, कारण लशीचा परिणाम सुरू होईपर्यंतचे दिवस तेच सांभाळते. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. धनुर्वाताचे इंजेक्शनही लागेल का ते विचारावे.

आणखी एक गोष्ट. पाळीव कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस नजर ठेवतात, तो नियम रानातल्या प्राण्याला लागू नाही. त्यामुळे "माकड ठणठणीत दिसत होते" म्हणून थांबू नये. दोन-चार दिवस वाया गेले असतील तरी उशीर झाला म्हणून घरी बसू नये. जेव्हा लक्षात येईल तेव्हा लस सुरू करावी.

चूक कोणाची?

वडील रागाने म्हणाले, "त्या माकडांचा बंदोबस्त करायला हवा." मी गप्प राहिलो, कारण तरुणपणी मीसुद्धा कान्हेरीच्या पायऱ्यांवर माकडांना शेंगदाणे वाटलेले आहेत. पुण्य केल्यासारखे वाटायचे. त्या माकडांच्या पिढ्यांना, माणूस दिसला की खाऊ मिळतो, हे आम्हीच शिकवले. हाताने दिलेले मिळेनासे झाले की ती हिसकावतात. माकड दात दाखवते तेव्हा ते हसत नाही, धमकावते. डोळ्याला डोळा भिडवणे हे त्याच्या लेखी आव्हान असते. हे मुलाला कोणी सांगितलेच नव्हते.

खारवलेल्या, तळलेल्या पदार्थांनी माकडांचेही भले होत नाही. ती फळे-पाने शोधणे सोडून रस्त्यावर बसतात आणि गाडीखाली येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांची छेड काढणे आणि कचरा टाकणे हा गुन्हा आहे.

बिबट्याचे घर

सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात, मुंबईसारख्या शहराच्या कुशीत, पन्नासच्या आसपास बिबटे राहतात. २००४ च्या जून महिन्यात उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत त्यांच्या हल्ल्यांत अनेक बळी गेले, तेव्हा सगळीकडे एकच ओरड झाली, बिबट्यांना पकडा. पण बिबट्याला उचलून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही. जुन्नर भागात पकडलेले बिबटे लांबच्या जंगलात सोडले, तेव्हा तेथे माणसांवरचे हल्ले वाढले, असे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसून आले. उघड्यावर कचरा पडला की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणजे कचरा उचलणे हा बिबट्यापासून बचावाचा पहिला उपाय. याच जंगलातल्या पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला देव मानतात. भीती आणि मान, दोन्ही त्यात आहेत.

बिबट्या समोर आलाच तर पळू नये, खाली बसू नये, वाकू नये. लहान मुलाला उचलून घ्यावे, ताठ उभे राहावे आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. त्याची जाण्याची वाट अडवू नये, घोळका करून फोटो काढू नयेत. उसाच्या फडाजवळ राहणाऱ्या वाचकांनाही हेच सांगणे आहे.

सहलीला निघताना

ठरलेल्या वाटेनेच जावे, अंधार पडण्यापूर्वी परतावे. मुलांना पुढे पळू देऊ नये. पायात बूट असावेत, दगडाच्या फटीत हात घालू नये. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. तो पाय किंवा हात न हलवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. लेण्यांत व किल्ल्यांवर आग्या मोहोळ असते, तेथे धूर, आरडाओरडा आणि दगडफेक टाळावी. मेलेल्या किंवा आजारी प्राण्याला हात लावू नये. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात माकडतापाची साथ आली होती. तो गोचिडीच्या चाव्याने होतो आणि मेलेल्या माकडाच्या आसपास अशा गोचिडी असतात.

त्या मुलाची सर्व इंजेक्शने वेळेवर झाली. जखम भरली. शेवटच्या दिवशी त्याने मला विचारले, "डॉक्टरकाका, आता मी परत कान्हेरीला जाऊ का?" मी म्हटले, जरूर जा. मात्र दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण जसे वागतो तसे वाग. हात आपल्याजवळ, आवाज हळू, आणि खाऊ पिशवीत.