भंगारातला कंट्रोलर आणि दहावीनंतरची वाट

गेल्या मे महिन्यात पुण्यातील एक परिचित गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले, आणि चहा येण्यापूर्वीच त्यांनी पिशवीतून एक साबणदाणी काढून टेबलावर ठेवली. तिच्या झाकणाला भोके पाडून दोन जॉयस्टिक आणि सहा बटणे बसवलेली होती. दहावीचे वर्ष तोंडावर आले असताना मुलाने अख्खी सुटी व्हिडिओ गेमचा बिनतारी कंट्रोलर बनवण्यात खर्ची घातली, ही त्यांची फिर्याद होती, आणि पुराव्यादाखल त्यांनी तो जिन्नसच हजर केला होता. पॉलिटेक्निकात अनेक वर्षे शिकवले असल्यामुळे मी कंट्रोलर बाजूला ठेवून मुलाची वही मागितली. कारण वस्तू चालते की नाही यापेक्षा ती चालत नव्हती तेव्हा मुलाने काय केले, हे मला पाहावयाचे होते.

जॉयस्टिक एका मोडक्या कंट्रोलरमधून काढलेल्या, बटणांखालचे स्विच जुन्या माउसमधले, सेल निकामी लॅपटॉपच्या बॅटरीतला. विकत घेतले होते ते केवळ दोन मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि दोन रेडिओ मॉड्यूल, तेही तापकीर गल्लीतून घासाघीस करून. जॉयस्टिकच्या पोटात परस्परांशी काटकोनात बसवलेले दोन पोटेन्शिओमीटर असतात. दांडी कलली की त्यांतून मिळणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, बदलतो, आणि मायक्रोकंट्रोलर त्याचे ० ते १०२३ अशा आकड्यांत मोजमाप करतो. दांडी मोकळी सोडली असता आकडा ५१२च्या आसपास यावयास हवा. परंतु या जुन्या जॉयस्टिकचा कार्बनचा पट्टा झिजल्यामुळे आकडा बराच पुढे सरकत असे, आणि पडद्यावरची मोटार कोणी हात न लावताही उजवीकडे ओढली जाई. मुलाने वीस वेळा वाचन घेऊन मधला काही टापू निष्क्रिय ठरवला व ती खोड काबूत आणली.

खरी परीक्षा मात्र रेडिओने घेतली. नऊ व्होल्टची नव्हे, पाचचीही नव्हे, ३.३ व्होल्टचीच वीज मागणारे ते नखाएवढे मॉड्यूल दोन-चार सेकंद व्यवस्थित चाले आणि मग मुके होई. मुलाने प्रोग्राम तपासला, चॅनेल बदलले, आणि तिसऱ्या दिवशी पाठवणारे व घेणारे ही दोन मॉड्यूल आपसांत बदलून पाहिली. बिघाड जागचा हलला नाही. वहीत त्याखाली पेन्सिलीने लिहिले होते : ‘दोष मॉड्यूलबरोबर गेला नाही, म्हणजे मॉड्यूलमध्ये नाही.’ संदेश पाठवताना मॉड्यूल क्षणभर जास्त वीज ओढते, बारीक वायरींतून ती वेळेवर पोचत नाही आणि दाब खचतो. १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मॉड्यूलच्या दोन पायांवरच डाखला, तेव्हा हा विकार नाहीसा झाला. वहीतल्या त्या एका ओळीसाठी मी त्या मुलाला मनापासून शाबासकी दिली, कारण पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही हा विचार सुचवून द्यावा लागल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे.

पालकहो, तुमच्या घरीही असा एखादा खटाटोप चालू असेल, तर खेळाच्या नावाने दचकू नका. मात्र एवढ्यावरून मुलगा अभियंता झाला असेही मानू नका. व्हिडिओ पाहून वायरी जोडणे आणि बिघाडाचे कारण स्वतः शोधणे यांत फार अंतर आहे, आणि ते कळण्यासाठी तुम्हांला इलेक्ट्रॉनिक्स येण्याची गरज नाही. ‘हे का बंद पडले होते?’ एवढे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. गणिताचा कंटाळा असेल तर तो याच निमित्ताने दूर करावा, कारण पुढे त्याच्यावाचून पाऊल उचलत नाही.

वाटा एकाहून अधिक आहेत. हात चालणाऱ्या मुलाला मी दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार या शाखेचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आधी सुचवितो. प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो, प्रयोगशाळा पहिल्या वर्षापासून हाताशी असते, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. बारावी विज्ञान आणि प्रवेशपरीक्षा हा रूढ मार्ग आहेच. आयटीआयमधील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कमी प्रतीचा समजण्याची वहिवाट मला मुळीच मान्य नाही. पदवीनंतर यंत्रांच्या पोटातील संगणकांची, म्हणजे एम्बेडेड सिस्टिम्सची विद्या पुढे शिकावयाची असेल, तर १९८८ साली स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था पुण्यातच आहे. एक व्यावहारिक सूचना : अधिवासाचा, जातीचा, नॉन-क्रीमी लेयरचा, जो दाखला लागू असेल त्याचा अर्ज निकालाची वाट न पाहता करावा, मुदत टळल्यामुळे हातची जागा गेलेली मुले मी पाहिली आहेत.

त्या भेटीत एका बाबतीत मात्र मी मुलाला रागावलो. लॅपटॉपमधला तो जुना लिथियम सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज झाला, चिरडला किंवा शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो, आणि साबणदाणीत त्याला संरक्षक सर्किट नव्हते. तो सेल माझ्यासमोर काढवून मी साधे पेन्सिल सेल वापरावयास सांगितले. येथे पालकांनी कठोरच असावे.

निघताना गृहस्थांना मी २८ फेब्रुवारी ही तारीख लिहून दिली. राष्ट्रीय विज्ञानदिनाला नारायणगावाजवळ खोडद येथील जीएमआरटी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ती रेडिओ दुर्बीण, सामान्य लोकांना पाहता येते, आणि दुरून आलेला अतिक्षीण संकेत गोंगाटातून वेगळा कसा काढतात हे तेथे मुलाला विचारता येईल. कंट्रोलर घरीच ठेवावा, कारण त्या आवारात रेडिओलहरी सोडणारे उपकरण नेऊ नये. वही मात्र बरोबर न्यावी, आणि जाण्यापूर्वी वडिलांनी ती पहिल्या पानापासून एकदा वाचावी.