संकेतस्थळ खुलें करण्यापूर्वीं

छापील पुस्तक वाचकास देतें, त्याच्यापासून कांहीं घेत नाहीं. संकेतस्थळावरील अर्जाची गोष्ट निराळी आहे. वाचक त्यांत कांहीं लिहितो, तें दूरच्या सर्व्हरवरील दप्तरांत जातें, आणि तेथून उत्तर परत येतें. प्रवेश, शिष्यवृत्ति, परीक्षेचा निकाल, सात-बारा हीं सर्व कामें आतां याच वाटेनें होतात. वरच्या वर्गांतील मुलेंमुली स्वतःही अशीं लहान संकेतस्थळें रचूं लागलीं आहेत. तीं लोकांसाठीं खुलीं करण्यापूर्वीं कोणती तपासणी करावी, याचा विचार येथें करूं.

आपल्या जिल्ह्यांतील जुन्या मालगुजारी तलावांची पाळ पावसाळ्यापूर्वीं पाहावी लागते, पूर आल्यावर नव्हे. शास्त्रवाचकांस येथें नहेम्या आठवेल. यरुशलेमेचा तट बांधण्याचा बेत कोणास सांगण्यापूर्वीं त्यानें रात्रीं मोजक्या माणसांनिशीं फिरून सगळी पडझड डोळ्यांनीं पाहून घेतली होती.

दुर्लक्षाची किंमत केवढी असते तें पुण्यास दिसून आलें. तेथील कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालीं स्थापन झालेली. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, शनिवारीं, बनावट कार्डांच्या साहाय्यानें २८ देशांतील एटीएम यंत्रांतून तिचे पैसे काढले गेले. १३ तारखेस आणखी १३ कोटी ९२ लक्ष रुपये हाँगकाँगमधील एका खात्यांत गेले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लक्ष. एटीएम यंत्र नोटा देण्यापूर्वीं मधल्या स्विचमार्फत बँकेस विचारतें कीं, या खात्यांत पैसे आहेत काय? चोरांनीं त्या वाटेवर आपला एक खोटा मध्यस्थ उभा केला. प्रश्न बँकेपर्यंत पोहोंचेच ना. मध्यस्थ परस्पर होकार देई आणि यंत्र नोटा मोजी. २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें अकरा आरोपींस शिक्षा दिली. हा दोष संकेतस्थळाचा नव्हता हें खरें. परंतु उत्तर कोणाकडून आलें याची खात्री न होतां त्यावर विश्वास बसला, हें मूळ दोहोंकडे एकच आहे.

आतां संकेतस्थळाकडे वळूं. समजा, कारकुनास एक छापील चिठ्ठी दिली आहे: "अमुक विद्यार्थ्याचे गुण दाखवा." अमुकच्या जागीं नांव लिहावयाचें. एखाद्या खोडकरानें तेथें लिहिलें, "गणेशचे गुण दाखवा, व नंतर सर्वांचे गुण पुसून टाका." कारकून केवळ आज्ञाधारक असेल तर तो दोन्ही कामें करील! दप्तर सांभाळणारें सॉफ्टवेअर असेंच आज्ञाधारक असतें. नांव आणि हुकूम एकाच वाक्यांत जोडले कीं, त्यास दोहोंतील भेद कळत नाहीं. १९९८ सालींच ही युक्ति प्रसिद्ध झाली होती. तरी २०१५ मध्यें इंग्लंडांतील टॉकटॉक कंपनीच्या सुमारें १ लक्ष ५७ हजार ग्राहकांची माहिती याच वाटेनें गेली, आणि कंपनीस चार लक्ष पौंड दंड झाला.

कांहीं जण यावर उपाय म्हणून अवतरणचिन्हें गाळून टाकतात. हा उपाय मला मुळींच पसंत नाहीं. आपल्यांतील डिसोझा कुटुंबाचें नांव रोमन लिपींत लिहितांना मध्यें तसलेंच एक चिन्ह येतें. तेव्हां निरपराध मुलाचें नांव मोडतें आणि चोर दुसरी वाट शोधतो. खरा उपाय असा कीं, हुकूम आधीं पक्का ठरवून सॉफ्टवेअरला द्यावा आणि नांव मागाहून वेगळें द्यावें. मग त्या नांवांत कांहींही लिहिलेलें असो, तें नांवच राहतें.

वाचकानें लिहिलेला मजकूर दुसऱ्या वाचकास दाखवितांनाही हीच दक्षता हवी. नाहीं तर त्यांत लपविलेली आज्ञा दुसऱ्याच्या ब्राउझरमध्यें चालूं लागते. २००५ च्या ऑक्टोबरांत मायस्पेस या संकेतस्थळावर एका तरुणानें अशी आज्ञा सोडली, आणि एका दिवसाच्या आंत दहा लक्षांहून अधिक लोकांच्या पानांवर ती पसरली.

तथापि सर्वांत घातक दोष सर्वांत साधा आहे. निकालाच्या पत्त्यांत शेवटीं १४२ हा क्रमांक आहे. कोणी तो १४३ केला आणि शेजारच्या मुलीचे गुण, जन्मतारीख व घरचा पत्ता समोर आला. येथें विद्या लागत नाहीं, बोट पुरें. ओवास्प ही संस्था अशा दोषांची यादी काढते. २०१७ च्या यादींत हा दोष पांचवा होता, २०२१ मध्यें पहिला झाला. पडद्यावरचें बटन लपविलें म्हणजे दार लावलें असें नव्हे. प्रत्येक मागणीच्या वेळीं सर्व्हरनेंच विचारलें पाहिजे कीं, हा मागणारा कोण, आणि हा कागद पाहण्याचा त्यास अधिकार आहे काय. परीक्षा सोपी आहे: दोन खोटीं खातीं उघडावीं, एकानें प्रवेश करावा आणि दुसऱ्याचा कागद मागून पाहावा. मात्र हा प्रयोग स्वतःच्याच संकेतस्थळावर करावा. परक्याच्या दप्तरांत परवानगीवांचून शिरणें हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणें गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. "सहज पाहिलें" ही सबब तेथें उपयोगीं पडेल असें कोणीं समजूं नये.

पासवर्ड जसेच्या तसे कधींही साठवूं नयेत. प्रत्येकांत निराळा यादृच्छिक अंश मिसळून, उलट न फिरवितां येईल अशा मंद रीतीनें त्यांचें रूपांतर करून तेंच ठेवावें. सॉफ्टवेअरबरोबर आलेला मूळचा पासवर्ड बदलावा, चाचणीच्या फायली काढाव्या, चूक झाली असतां आंतली रचना वाचकास दाखवूं नये. सुधारणा निघतांच बसवावी: अमेरिकेंतील इक्विफॅक्स कंपनीस २०१७ च्या मार्चमध्यें एक सुधारणा मिळाली होती, ती न बसविल्यामुळें मे महिन्यापासून चोर आंत शिरले आणि सुमारें १४ कोटी ७० लक्ष लोकांची माहिती गेली.

पालकांसही एक विनंति. ज्या अर्जास आधार क्रमांकाची गरज नाहीं त्यानें तो मागितला, तर कशासाठीं म्हणून अवश्य विचारा. जें दप्तरांत नाहीं तें चोरीस जात नाहीं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति घेण्याचा नियम घातला आहे, तेव्हां असें विचारणें उद्धटपणाचें नाहीं.

एवढें करूनही कांहीं निसटेल. म्हणून कोण केव्हां आंत आलें याच्या नोंदी ठेवाव्या. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानें अशा नोंदी १८० दिवस राखण्यास आणि घडलेला प्रकार कळल्यापासून सहा तासांत कळविण्यास सांगितलें आहे. नोंदींत मात्र कोणाचा पासवर्ड उतरणार नाहीं, हेंही पाहून घ्यावें.