कृपेचा क्षण आणि आपला प्रतिसाद



दर्शन आटोपून कार्यालयात पावती करण्यास येणारे अनेक भक्त एक प्रश्न आवर्जून विचारतात : “इतकी वर्षे देवाच्या दारी येतो, कृपा कधी होणार?” याचे उत्तर देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु संतचरित्रांतून उमगते ते असे की, कृपा पुढे केव्हातरी व्हावयाची नसते, ती चालू क्षणी होतच असते. उणीव असते ती आपल्या प्रतिसादाची.

भक्त पुंडलिकाची कथा सर्वश्रुत आहे. माता-पित्यांची सेवा चालू असता साक्षात भगवंत दारी आले. पुंडलिकाने वीट पुढे केली आणि तिच्यावर क्षणभर थांबण्याची प्रार्थना केली. वरवर पाहता हा देवाचा अनादर वाटेल. परंतु ज्या सेवेवर प्रसन्न होऊन देव आले, तीच अर्धवट टाकून धावणे हा खरा अनादर ठरला असता. भगवंतांना हे मान्य झाले. म्हणूनच पंढरपुरी चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाचे दर्शन घेऊन मग विठ्ठलाकडे जाण्याची परंपरा आहे.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील अरण हे संत सावता माळी यांचे गाव. त्यांनी इ. स. १२९५ मध्ये तेथेच देह ठेवला. मळ्यातील भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला. ते पंढरीस गेले नाहीत, देवच मळ्यात आले, अशी श्रद्धा आहे. मळ्यात राबणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाण्याची पाळी आली की वाफा त्याच वेळी भरावा लागतो. दारे धरण्यास माणूस हजर नसेल, तर पाणी वाहून जाते आणि रोप कोरडेच राहते. कृपेचेही तसेच आहे.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी उत्सवाच्या दिवशी देणगी-कक्ष बंद करण्याच्या वेळी एक वृद्ध माउली अकरा रुपयांची पावती करण्यास आल्या. हिशेब जुळविण्याच्या घाईत मी त्यांना “उद्या या” असे सांगितले. त्यांची परतीची एस. टी. त्याच रात्रीची होती, हे मागाहून कळले. शेजारतीला मी हात जोडून उभा राहिलो खरा. पण मूर्तीकडे दृष्टी ठरेना. देव खिडकीशी येऊन परत गेले होते. ती पावती आजतागायत फाडावयाची राहिली आहे.

तेव्हा भाविकांस नम्र विनंती अशी की, दर्शनरांगेत मागे थकलेले वृद्ध वा कडेवर मूल घेतलेली माता दिसल्यास त्यांना पुढे जाऊ द्यावे. महाप्रसाद पानात टाकू नये. घरी परतल्यावर आजारी वडिलांनी हाक मारली, तर हातातील काम बाजूस ठेवून उठावे. देणगीदारांनीही दान द्यावयाचे ते मनात आले त्याच वेळी द्यावे, मग ते संस्थानास असो की दारच्या गरजवंतास.

गाभाऱ्यात आपणास जेमतेम दोन क्षण मिळतात. उरलेला सारा दिवसही त्याच देवाचा आहे, हे ध्यानी धरून आपण घरी जावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ जय हरि विठ्ठल ॥