राजमुद्रेतील सिंह आणि चक्र

हा पाठ शिकविताना शिक्षकांनी प्रथम मुलांच्या हाती रुपयाचे नाणे द्यावे व त्यावरील सिंह मोजावयास सांगावेत. मुले तीन म्हणतील. वस्तुतः सिंह चार आहेत. ते पाठीला पाठ लावून बसले असल्यामुळे चौथा समोरून दिसत नाही.

ही आकृती वाराणसीजवळील सारनाथ येथील अशोकस्तंभाच्या शिरोभागावरून घेतलेली आहे. भगवान बुद्धांनी जेथे पहिला उपदेश केला, त्या स्थळी सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हा स्तंभ उभारला. पुढे तो भंगला व मातीखाली गेला. १९०४-०५ मधील उत्खननात त्याचा सुमारे सात फूट उंचीचा, तुळतुळीत पाषाणाचा शिरोभाग पुन्हा प्रकाशात आला. तो सारनाथच्या संग्रहालयात जतन केलेला आहे.

सिंहांच्या बैठकीवर हत्ती, घोडा, बैल व सिंह कोरलेले असून त्यांच्या दरम्यान चार चक्रे आहेत. राजमुद्रेत मधोमध चक्र, उजवीकडे बैल व डावीकडे घोडा दिसतो. मूळ शिल्पातील कमळ मुद्रेत घेतलेले नाही. खाली ‘सत्यमेव जयते’ हे मुंडकोपनिषदातील वचन देवनागरीत लिहिलेले असते.

या चिन्हाचा अर्थ अशोकाच्या चरित्रातून उलगडतो. कलिंगच्या युद्धात एक लक्ष माणसे मारली गेली, हे त्याने स्वतःच शिलालेखात नोंदविले व त्याबद्दल खेद व्यक्त केला. जिंकलेल्या राजाने असे लिहावे, ही इतिहासातील दुर्मिळ गोष्ट होय. सिंह हे सामर्थ्याचे चिन्ह. परंतु त्यांच्या पायांखाली धर्मचक्र आहे आणि मूळ स्तंभावर त्यांच्या मस्तकांवरही एक मोठे चक्र होते. त्याचे केवळ तुकडे सापडले. बळाला आधारही धर्माचा आणि अंकुशही धर्माचाच. येथे धर्म म्हणजे एखादा पंथ नव्हे, तर न्याय व सदाचार.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताने ही मुद्रा स्वीकारली. तिचा अनधिकृत वापर २००५ च्या कायद्यान्वये दंडनीय आहे.

स्वाध्याय : (१) राजमुद्रेचे चित्र काढा. खालील वचनावाचून ती अपुरी असते, हे ध्यानात ठेवा. (२) मुद्रेत न दिसणारे दोन प्राणी कोणते? (३) बळकट मुलाने वर्गात कसे वागावे, हे सिंह व चक्र यांवरून सांगा.